मशीन पुन्हा सुरतेला

६ जानेवारी २०२५

'दानियल लँड सर्व्हे, चिंचपाडा' या फर्मची आज सकाळी स्थापना झाली. उपस्थित: मी. आई विहिरीवर होती आणि बाबा गोठ्यात. गायीला त्यांच्याशिवाय करमत नाही, त्यामुळे ते येऊ शकले नाहीत.

मोठ्या व्यवसायाची सुरुवात कशी झाली हे पुढे लोक विचारतात, तेव्हा आठवत नाही. म्हणून ही वही. घरी आम्ही मावची बोलतो, पण मोजमाप मी मराठीत शिकलो, म्हणून वही मराठीत.

रस्त्याच्या कंत्राटदाराकडे इतकी वर्षं दुसऱ्याच्या मशीनला डोळा लावला. आता डोळा माझा आणि मशीनही माझं. फक्त मशीन अजून घ्यायचं आहे.

९ जानेवारी

नाशिकचा एजंट रोव्हर दाखवायला आला. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेलं कासव. ते उपग्रहांशी बोलतं आणि आपली चूक मोबाईलच्या नेटवरून दुरुस्त करून घेतं. आमच्या शेतात मोबाईल कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी गुजरातचा, आणि बराच वेळ कोणाचाच नाही. सागाच्या झाडांखाली कासव नुसतं 'शोधत आहे, शोधत आहे' म्हणत राहिलं. एजंट म्हणाला, "साहेब, झाडं आडवी येतात." बाबा म्हणाले, "झाडं उभीच आहेत. तुम्ही आडवे आलात." बाबा आश्रमशाळेत शिक्षक होते. निवृत्त झाले तरी स्टीफन सर अजून निवृत्त झालेले नाहीत.

रोव्हर रद्द. डोंगरउताराला, झाडीत, छोट्या तुकड्यांना टोटल स्टेशनच बरं. तीन पायांवर उभं राहून ते दूरच्या आरशावर किरण टाकतं आणि अंतर व कोन दोन्ही सांगतं. नवीन झेपणार नाही. जुनं, पण नीट तपासलेलं हवं.

जेवताना बाबा अचानक म्हणाले, "यंत्र घ्यावं ते दुरुस्ती जवळ असेल तिथून. सुरतेला माणूस सकाळच्या गाडीने जातो आणि संध्याकाळी परत येतो."

आईच्या हातातला घास थांबला. माझाही. ग्रेसीने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, घरी न विचारता सुरतेच्या कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून दोन वर्षं या घरात सुरतेचं नाव निघालेलं नाही. बाबांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, की त्या दोघांनी ह्या अंगणात पाय ठेवायचा नाही. आणि आज स्वतःच सुरत म्हणाले, खोकले आणि गोठ्यात निघून गेले.

ग्रेसीचा नवरा राजेंद्र सर्व्हेच्या उपकरणांच्या दुकानातच कामाला आहे. बाबांना हे ठाऊक नाही, हे माझं नशीब.

१३ जानेवारी

नवापूर स्टेशन दोन राज्यांच्या सीमेवर आहे. तिकीट महाराष्ट्रात काढलं आणि गुजरातेत बसून गाडीची वाट पाहिली.

राजेंद्र मूळचा प्रकाशा गावचा. कमी बोलणारा, शाकाहारी, आणि मशीनला हात लावण्याआधी हात धुणारा. त्याने तीन जुनी टोटल स्टेशन काढून ठेवली. परीक्षा अशी: समोरच्या भिंतीवरच्या फुलीवर दुर्बीण लावायची आणि कोन वाचायचा. मग दुर्बीण उलटी करून, मशीन फिरवून पुन्हा तीच फुली धरायची. दोन वाचनांत बरोबर अर्ध्या वर्तुळाचा फरक आला पाहिजे. पहिलं मशीन चुकलं. दुसरं देखणं होतं, पण जास्तच चुकलं. तिसऱ्याचा रंग उडालेला, हँडलला तार बांधलेली, आणि वाचन अगदी काटेकोर.

"दादा, हे घ्या," राजेंद्र म्हणाला. "तोंडावर जाऊ नका. नजर बघा."

घेतलं. दुपारी ग्रेसीकडे जेवलो. ती चांगलीच जाड झाली आहे. सुरतेचं खाणं. "बाबा कसे आहेत?" असं तीनदा विचारलं. मी तीनदा "बरे आहेत" म्हणालो. तरी चौथ्यांदा विचारलं.

१४ जानेवारी

आईने चुलीपाशी बसवून सगळं काढून घेतलं. ग्रेसी जाड झाली म्हटल्यावर तिचे डोळे बारीक झाले.

"जाड म्हणजे कुठे? गालावर की पोटावर?"

"आई, मी जमिनी मोजतो. बहिणी मोजत नाही."

"पोटावरच असणार," असं स्वतःशीच म्हणून ती उगीच हसली. बाबा तेव्हा खिडकीबाहेर उभे राहून कुंपणाची तार तपासत होते. त्या बाजूला आम्हाला कुंपण नाही. वय झालं की माणूस असा कुठेही उभा राहतो.

१७ जानेवारी

आज फर्मच्या इतिहासातला पायाभूत दिवस. घरामागे कायमची तपासरेषा आखली: एक लोखंडी खुंटी चिंचेखाली, दुसरी गंजीजवळ. दोन्हींच्या डोक्यावर छिन्नीने फुली. पोलादी टेपने अंतर घेतलं, मग मशीनने. दोन्ही जुळले. यापुढे दर तीन-चार दिवसांनी मशीन एका खुंटीवर, आरसा दुसरीवर. आकडा तोच आला तर मशीन निरोगी.

जेवताना हे शास्त्र आई-बाबांना समजावलं. आईने कधी नव्हे इतका रस घेतला.

"म्हणजे आकडा बदलला, की मशीन सुरतेला?"

"हो."

"किती बदलला म्हणजे?"

"पाच-सहा मिलिमीटर फार झाले."

"ते केवढं असतं?"

मी ताटातल्या डाळीकडे बोट दाखवलं. "एका तुरीच्या दाण्याएवढं."

"एवढंच?" आई म्हणाली. एवढ्या सूक्ष्म गोष्टीला इतकं महत्त्व असतं हे तिला पटत नसावं. बाबांचं जेवण थांबलं होतं. अचूकतेची ओढ मला त्यांच्याकडूनच मिळाली.

२० जानेवारी

घात झाला. आकडा सहा मिलिमीटरने वाढलेला! अगदी तुरीचा दाणा.

पुन्हा लावून पाहिलं. बुडबुडा मध्यात, तापमान भरलेलं, आरसा पुसलेला. तरी तेच. टेपने खात्री करावी म्हटलं, तर टेप बाबांनी गोठ्याची मापं घ्यायला नेली होती आणि ती आता त्यांना सापडत नाही. नवापूरहून कापडी टेप आणली, ती ओढाल तितकी लांब होते.

चिंचेखाली आईचा वरवंटा पडला होता. तो उचलून घरात ठेवला. आई अलीकडे फार विसरभोळी झाली आहे.

उद्या सुरत. आईला सांगितलं, तर तिची तयारी माझ्या आधीच झालेली: तूरडाळ, नागलीचं पीठ आणि जिवंत कोंबडी.

"कोंबडी कशाला?"

"दोघांना पुरेल अशी बघून निवडली आहे."

राजेंद्र मांस खात नाही हे आईला चांगलं माहीत आहे. खरंच विसरायला लागली.

२१ जानेवारी

एका हातात टोटल स्टेशन, दुसऱ्या हातात पिशवीतून मान बाहेर काढलेली कोंबडी. व्यवसायाची प्रतिष्ठा राखणं सोपं नाही. गाडीत व्यारा स्टेशनला एका बाईने विचारलं, "पेटीमां पण मरघी छे?"

राजेंद्रने दुकानाच्या स्वतःच्या रेषेवर मशीन लावलं. एकदम बरोबर. पुन्हा लावलं, पुन्हा बरोबर. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. जेवताना म्हणाला, "दादा, मला वाटतं घरच्या खुंट्याच एकदा तुम्ही नीट..." आणि एकदम "आई गं!" करून पाय वर घेतला.

"काय झालं?"

"मुंगी," ग्रेसी म्हणाली. "दादा, जुनं मशीन आहे, असंच चालायचं. घरी गेल्यावर पुन्हा बिघडेल बघ. बिघडलं की लगेच आण. वाट बघू नकोस."

धंद्यातलं तिला काही कळत नाही, पण काळजी आहे.

२४ जानेवारी

ग्रेसी म्हणाली तसंच झालं. आज आकडा नऊ मिलिमीटरने कमी! आधी जास्त, आता कमी. असा रोग मी कंत्राटदाराकडेही पाहिला नव्हता. कदाचित मशीनला आमच्या घरची हवा मानवत नसेल.

गंजीजवळच्या खुंटीभोवती माती उकरलेली दिसली. बाबा तिथेच पहार घेऊन पपईसाठी खड्डा करत होते. मी म्हटलं, "घूस लागली वाटतं."

बाबा लगेच म्हणाले, "घूसच. मी स्वतः पाहिली. मोठी होती."

आई पदर तोंडाला लावून घरात गेली. तिला घुशीची भीती वाटते.

संध्याकाळी बाबांनी मशीनची पेटी आपणहून भरून दिली. म्हणाले, "आत मोकळी जागा आहे, यंत्र हिंदकळतं. सांदीसांदीतून शेंगा भरल्या आहेत, धक्के सोसतील." भाजलेल्या शेंगा, फडक्याच्या छोट्या पुरचुंड्या करून. कल्पना उत्तम आहे, नोंदवून ठेवतो. पण पुरचुंड्यांत गूळ का?

२५ जानेवारी

राजेंद्र: "मशीन ठीक आहे." चेहरा असा गंभीर, जणू डॉक्टर बाहेर येऊन सांगतोय. तरी एक स्क्रू काढून पुन्हा बसवला, माझ्या समाधानासाठी.

पेटी रिकामी करायची म्हणून शेंगा ग्रेसीकडे ठेवल्या. तिने एक पुरचुंडी सोडली, वास घेतला आणि स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आलीच नाही. तिला शेंगा-गूळ लहानपणी आवडायचे. आता नसतील आवडत.

२८ जानेवारी

फर्मला पहिलं गिऱ्हाईक! महामार्गालगतच्या मंगलाबाई. त्या कोंबड्यांची मोठी शेड बांधत आहेत. लोखंडी सांगाडा बारडोलीत तयार होतोय. माझं काम, पायातल्या बोल्टांच्या जागा आखून द्यायच्या. सांगाड्याच्या पायाला भोकं आधीच पाडलेली असतात. बोल्ट तिथेच वर आले पाहिजेत. एकदा काँक्रीटमध्ये बसलेला बोल्ट विनंती ऐकत नाही.

मंगलाबाईंनी अंगणात बसून चहा घेतला आणि मशीनकडे मान वळवून विचारलं, "हाई तार कसाले बांधेल शे?"

"हँडलला आधार आहे, ताई."

"आणि आतमा?"

"आतून एकदम नवीन."

"बरं. एक बोल्ट सरकना, तर आखी शेड मन्हा डोकावर. तुन्हा डोकावर नही. ध्यानमा ठेव."

सांगाडा पुढच्या महिन्याच्या अखेरीला येणार. म्हणजे त्याआधी मशीनचा आजार बरा व्हायला हवा.

३१ जानेवारी

चमत्कार! सकाळी सहज लावलं, तर आकडा जिथल्या तिथे. मशीन बरं झालं! मी अंगणात ओरडत आलो.

आई आणि बाबा दोघंही अंगणात होते. आई म्हणाली, "असं कसं होईल? नीट बघ." बाबा म्हणाले, "एकदा बघून भागत नाही." मी पुन्हा पाहिलं. अगदी बरोबर. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं मी लहानपणी ग्रेसीकडे पाहायचो, दोघांनी एकाच वेळी एकाच डब्यात हात घातल्यावर. आईच्या हातात वरवंटा होता, बाबांच्या हातात पहार.

"पारु, तू कुठल्या बाजूला...?" बाबांनी हळूच विचारलं.

"गोठ्याकडे," आई म्हणाली. "आणि तुम्ही?"

"मीपण."

हे काय बोलणं होतं ते समजलं नाही. गोठ्याचंच काही असेल. दोघांचे चेहरे पडले होते. मशीन बरं झाल्याचा आनंद म्हाताऱ्या माणसांना उशिरा होतो.

३ फेब्रुवारी

बोटभर! बोटभर फरक! एवढा फरक तर बाबा पावलांनी मोजतील तरी येणार नाही.

मला आता रडू येतं. उद्या शेवटची सुरत. आईने यावेळी बोचकं इतकं मोठं बांधलं आहे, की मशीनच त्याच्यासोबत चाललंय असं वाटतं. बाबांनी पेटीत शेंगांशिवाय एक लोकरीचं काहीतरी कोंबलं. "भिंगाला थंडी लागू नये." भिंगाला इतकी छोटी टोपी का, विचारायचं राहिलं.

४ फेब्रुवारी

आज ग्रेसीला म्हटलं, "जरा चालत जा. फार जाड झालीस." ती इतकी हसली, की तिला धरून बसवावं लागलं. हसताहसता रडली.

"दादा, तुला खरंच दिसत नाही?"

मग सांगितलं. मी मामा होणार! मी, जो दूरच्या टेकडीवरचा आरसा उघड्या डोळ्याने ओळखतो.

मग तिने विचारलं, "मिशनच्या दवाखान्यात त्याच सिस्टर आहेत का रे अजून?" मी म्हटलं आहेत. ती पायाच्या बोटांकडे बघत म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना, म्हणून विचारलं. सहज." राजेंद्रने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी मशीनचं बोलणार होतो, ते राहूनच गेलं. बाबांना यातलं काही सांगू नकोस, असं तिने बजावलं.

आईला चोरून बातमी दिली. "अगं बाई! हो का?" आई म्हणाली. तिला एवढं आश्चर्य वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग तिने उशीखालून अर्धी शिवलेली दुपटी काढली. कोणासाठी शिवत होती कोण जाणे. आता उपयोगी पडतील.

१० फेब्रुवारी

मंगलाबाई स्वतः आल्या. स्कूटी अंगणातच घातली.

"भाऊ, तुन्हं मशीन माणूस शे का? दर आठवडाले दवाखान्यात जास! कोंबड्यासले मी काय सांगू? थांबा वं माय, सर्व्हेअर सुरत गया?"

"ताई, चुकीचं आखण्यापेक्षा..."

"सोमवारपावत नही उना, तर मी बारडोलीवाला बोलावसू."

गेल्या. स्कूटीने आईची वाळत घातलेली मिरची उडवली, तरी आई नुसती ती वेचत बसली. बाबाही खाली बघत होते.

१२ फेब्रुवारी

निर्णय झाला. खोट्या आकड्यावर मी कोणाचा पाया आखणार नाही. मशीन परत करायचं आणि फर्म बंद. जुन्या कंत्राटदाराला फोन केला. ओडिशात रस्त्याचं काम आहे, लगेच ये म्हणाला.

जेवताना सांगितलं.

आधी आई फुटली. "दानियल, त्या चिंचेखालच्या खुंटीला ना... मी कपड्यांची दोरी बांधत होते. ओल्या गोधड्या असतात रे. ओढ बसत असेल."

तेवढ्यात बाबा म्हणाले, "आणि गंजीजवळच्या खुंटीला मी गाय बांधत होतो. चरायला. ती हिसके देते."

"दोघांनीही? आणि मला सांगितलं नाही?"

"तू इतका शास्त्रात गुंतलेला," बाबा म्हणाले. त्यांनी आईकडे पाहिलं, आईने ताटाकडे. "चूक आमची. पण तू ओडिशाला जाऊ नकोस."

बाबांच्या तोंडून 'चूक' हा शब्द फळ्यावर लिहिताना सोडून मी पहिल्यांदाच ऐकला.

मशीन निर्दोष आहे! बिचारं किती वेळा सुरतेला गेलं आणि आलं. गोधड्या आणि गाय! सर्व्हेच्या एकाही पुस्तकात ही कारणं नाहीत. मी घालीन.

१४ फेब्रुवारी

दोन्ही खुंट्या उपटल्या. खोल खड्डे, काँक्रीटचे खांब, डोक्यावर पितळी खिळा. पोलादी टेपही सापडली. धान्याच्या कणगीत होती. बाबा म्हणाले, "घुशीने नेली असेल."

काँक्रीट घट्ट होईपर्यंत कोणी फिरकू नये म्हणून काटेरी फांद्या टाकल्या. आई दुपारभर दारात बसून त्या खांबांकडे बघत होती. बाबा एकदा जवळ गेले, चपलेच्या टोकाने खांबाला हळूच ढोसून पाहिलं आणि परत आले.

१७ फेब्रुवारी

सोमवार. सकाळी टेप आणि मशीन दोन्ही जुळले, तसा निघालो. मंगलाबाईंकडे बोल्टांच्या सगळ्या जागा आखल्या. कर्ण दोन्ही बाजूंनी तपासले. मिस्त्रीने बोल्ट लावले, तेव्हा प्रत्येक बोल्ट पुन्हा मशीनने पाहिला. मिस्त्री म्हणाला, आता बोल्टला नावं ठेवा आणि घरी जा.

२४ फेब्रुवारी

आठवडाभर आकडा हललेला नाही. घरी मात्र कोणाला काही गोड लागत नाही. आईने कोंबड्या मोजल्या आणि म्हणाली, "फार झाल्या. कोणाला द्यायच्या?" मी म्हटलं, मंगलाबाईंना विका. ती उठून गेली.

बाबांनी विचारलं, "यंत्राला आता सुरतेची गरज नाही तर?"

"अजिबात नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"छान," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला.

१ मार्च

सांगाडा आला. क्रेनने पहिला खांब उचलला आणि बोल्टांवर आणला. मी डोळे मिटले होते. मंगलाबाईंची आनंदाची आरोळी ऐकून उघडले: "बसनात! भाऊ, एकूणएक बसनात!"

त्यांनी मला तिथेच दुसऱ्या शेडचं काम दिलं. फक्त एक अट: "तो सुरतवाला आठे यीसन मशीन तपासो, मन्हा डोळासमोर. मंग मन्हं मन शांत व्हई. तुन्ह्यावर भरोसा शे, तारवर नही."

घरी येऊन सांगितलं. आई काही बोलणार तोच बाबांनी हात वर केला. वर्ग शांत करायला करायचे तसा.

"बाईंचं बरोबर आहे. यंत्र तपासणारा माणूस जागेवर आला पाहिजे. बोलाव त्याला."

"बाबा, तो माणूस म्हणजे..."

"कोण आहे ते मी विचारलेलं नाही. पुढच्या रविवारी बोलाव. रविवारी दुकान बंद असतं." दुकान कधी बंद असतं हे यांना कसं माहीत? "आणि सोबत कोणी असेल तर एकटं मागे ठेवून यायचं नाही, म्हणावं. गाडीतून उतरायला फलाट नीट नसतो. तू रिक्षा घेऊन जा. रिक्षा हळू चालव म्हणून सांग."

बाबा गोठ्यात गेले. आईने पाठीमागून मला इतकं घट्ट धरलं, की माझ्या खिशातलं पेन मोडलं.

९ मार्च

आज तांत्रिकदृष्ट्या फार महत्त्वाचा दिवस.

चर्चहून आलो, तोवर मंगलाबाई येऊन बसल्या होत्या. मग स्टेशनवर जाऊन ग्रेसी आणि राजेंद्रला रिक्षाने हळूहळू घेऊन आलो. ग्रेसी उतरली आणि अंगणाच्या कडेलाच थांबली. पाय पुढे टाकेना. बाबा दारात उभे. मी म्हटलं, ऊन वाढतंय, उष्णतेने अंतरात फरक पडतो, लवकर सुरू करू.

राजेंद्रने हात धुतले आणि चिंचेखालच्या खांबावर मशीन लावलं. गंजीकडच्या खांबावर आरशाचा पोल धरायला मी निघालो, तर बाबा आधीच तिथे पोहोचून पोल हातात घेऊन उभे.

राजेंद्रने दुर्बिणीतून पाहिलं. मग डोकं बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं. शेवटी धीर करून म्हणाला, "सर, थोडं डावीकडे."

बाबा जागचे हलले नाहीत. "सर मी शाळेत होतो," ते म्हणाले.

"मामा," सासऱ्याला म्हणतात तसं राजेंद्र म्हणाला, "थोडं डावीकडे घ्या."

बाबांनी पोल थोडा डावीकडे घेतला.

"अजून जरासं, मामा."

बाबांनी अजून जरासा घेतला. मी त्यांना कोणाच्या सांगण्यावरून एवढं सरकताना पाहिलेलं नाही. मंगलाबाई आईला म्हणाल्या, "कसा ऐकी ऱ्हायना वं म्हातारा!"

पण इथे अडचण आली. पोल उभा सरळ आहे की नाही हे दाखवणारा बुडबुडा त्याच्या गोलात थांबेना. सारखा इकडून तिकडे पळत होता. राजेंद्र म्हणाला, "मामा, स्थिर धरा." बाबा म्हणाले, "धरतोय," आणि पोल आणखीच हलायला लागला. वाचन घेणं अशक्य झालं. तेव्हा ग्रेसी अंगणातून चालत गेली, हळूहळू, काटेरी फांद्या चुकवत, आणि तिने बाबांच्या हातांवर आपले हात ठेवून पोल धरला. बुडबुडा मध्यात येऊन थांबला. राजेंद्रने आकडा वाचला. टेपच्या आकड्याला अगदी तंतोतंत.

आकडा मिळाला, तरी ती दोघं पोल सोडेनात. मी दोनदा ओरडून सांगितलं, की झालं म्हणून.

निष्कर्ष: मशीन उत्तम. ग्रेसी आता इथेच राहणार, पुढच्या आठवड्यात मिशनच्या दवाखान्यात नाव घालायचं आहे. पोलचा दोष मात्र गंभीर आहे. एका पोलला दोन माणसं लावणं फर्मला परवडणारं नाही. पोलला उभं धरणारी दोन पायांची घोडी मिळते. ती राजेंद्रकडून मागवायची.